मेंदूखालच्या फुगवट्याची कैफियत

मित्रांनो, टायरच्या दुकानात राबणाऱ्या एका माणसाच्या मेंदूखालची मी जुनी धमनी. नळीच म्हणा ना, पण भगवंताने घडवलेली, तीन पदरी आणि लवचीक. वर्षानुवर्षं मी मुकाट्याने रक्त वाहिलं. माझी आठवण कुणाला यावी?

रक्तात चरबी आपोआप फिरत नाही, बरं का. तिला पाठीवर घेणारी प्रथिनं असतात, हमालच ती. काही चरबी घरोघर पोचवतात, काही उरलेली गोळा करून यकृताकडे परत नेतात. माझ्याकडे आणणारे उदंड झाले, नेणारे थोडे. ओझी माझ्या भिंतीतच पडू लागली. भिंत आतून धुमसली, पदर विरले. त्यात माझ्या मालकाची, म्हणजे त्या माणसाची, सिगारेट आणि चढता रक्तदाब. जिथे मला फाटा फुटतो तिथे वाटाण्याएवढा फुगवटा आला.

डोकं दुखतं म्हणून तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रिया सांगितली, गोळ्या चुकवू नका म्हणून बजावलं. मालकाने मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःचं डोकं चालवलं. दुकानात कुणी बाजूने फुगलेला टायर आणला, की तो थोडी हवा काढून द्यायचा, सांभाळून चालवा म्हणायचा. तोच न्याय त्याने मला लावला.

"रक्तदाबाची गोळी घेतोय ना? हवा कमी ठेवली की चालतं."

चरबीची गोळी तर त्याने बंदच केली. रिपोर्ट सुधारला होता, मग कशाला?

मुलगी म्हणाली, "बाबा, टायर फुटला तर दुसरा बसवाल. डोकं कुठून आणाल?"

"तुझ्या मामाचं घेईन. त्याचं वापरात नसतं."

सगळे हसले, मामाही हसला. शस्त्रक्रिया मात्र पुढे ढकलली ती ढकललीच.

एका सकाळी मालक गाडीखाली जॅक लावत असताना मी फुटले. मामानेच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून माझ्या फुगवट्याच्या तोंडाशी चिमटा बसवला. मालक जगला. आता मुलगी त्याला भरवते. तो तिच्याकडे बघून ओठ हलवतो, पण तिचं नाव काही त्याच्या तोंडून निघत नाही.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांनी गोळी टाळली तर गप्प बसू नका. ते चेष्टेवारी नेतील, तरी पुन्हा विचारा.

भेटायला आलेले म्हणतात, देवाने वाचवलं. खरंच वाचवलं. पण आधी डॉक्टरबाईंच्या तोंडून त्यानेच बजावलं होतं, ते कुणी ऐकलं नाही.