खोलीतली किरकिर

बारकीचे खेकडे किरकिर करायचे, हे खरं. पण दादा सांगत सुटला होता तेवढी नाही.

बारकी आता नावापुरतीच बारकी होती. केस पिकायला लागले होते आणि बाबांच्या मागे कवळ्या बनवण्याचं काम ती एकटीच रेटत होती. घराच्या मागच्या अंगाला एकच खोली. एका भिंतीला लांब टेबल, त्यावर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, घासायची मोटर. दुसऱ्या भिंतीला तिची कॉट. खिडकीखाली काचेची पेटी, पेटीत वाळू, आणि वाळूत शंख पाठीवर घेऊन हिंडणारे चार खेकडे. सगळं घर आत्याच्या नावावर होतं. बाबा होते तोवर त्या खोलीचा विषय कुणी काढला नाही. बाबा गेले, आणि दादाला अचानक दुकानातले पडद्याच्या कापडाचे तागे ठेवायला जागा कमी पडू लागली.

सरळ "नीघ इथून" म्हणायला दादा काही दूधखुळा नव्हता. त्यानं खेकड्यांना पुढे केलं. आत्याला फोन लावला आणि आवाजात मध घालून म्हणाला, "अगं, नुसती किरकिर असते त्या खोलीत. पोरांना अभ्यास सुचत नाही. हिला कितीदा सांगितलं, पण हिचा जीव त्या खेकड्यांत. म्हटलं, हिला बाहेर कुठेतरी छोटीशी जागा बघून द्यावी. तिच्याच भल्यासाठी बोलतोय हं मी." खेकडे त्यानंच लेकीच्या हट्टापायी आणले होते, लेक कंटाळल्यावर पेटी बारकीच्या गळ्यात त्यानंच मारली होती, एवढंच तेवढं सांगायचं राहून गेलं. आत्या म्हणाली, गुडघा जरा बरा झाला की येते, माझ्या कानांनी ऐकते, मग काय ते ठरवू. आत्यानं ठरवलं की ठरलं. त्यावर कुणाची पुढे बोलायची टाप नव्हती.

बारकीनं हे भिंतीपलीकडून ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या आवाजाबद्दल दादाला काय कळत होतं? पेटीशी ती रोज बसायची. काचेवर चढताना शंख आपटतो, त्याची टकटक होते. त्या आवाजाला अर्थबिर्थ काही नाही. वाळू उकरताना खरखर होते, म्हणजे आता मला हाका मारू नका, मी खाली चाललो. आणि किरकिर, ओल्या काचेवर बोट घासल्यासारखी, ती फक्त एकाच वेळी होते. एखादा आपल्या कोपऱ्यात गप बसलेला असतो आणि दुसरा धटिंगण त्याच्या पाठीवर चढून त्याचा शंख हलवायला लागतो, तेव्हा. पुतणी म्हणायची, गाणं म्हणतात ते. कसलं डोंबलाचं गाणं! "उतर खाली, मी इथे आधीपासून आहे," असंच ते असणार, बारकीला त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. चौघांतला मुकादम नावाचा आडदांड खेकडा बाकीच्यांवर चढायचा, तेव्हा ती त्याला उचलून लांब ठेवायची आणि म्हणायची, "दादा, जरा दमानं."

मग एक मजा झाली. दादाचे दात हिरड्यांसकट सडले होते, ते डॉक्टरांनी सगळेच्या सगळे काढून टाकले. दादा तोंडाला रुमाल लावून हिंडू लागला. जेवायचासुद्धा खोलीचं दार लावून. आणि कवळीसाठी डॉक्टरांनी माप घेऊन पाठवलं ते, नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे, बारकीकडे. दादानं वहिनीच्या तोंडी निरोप धाडला, "घरचंच काम आहे, जरा लवकर कर. आत्या यायच्या आत पाहिजे."

जिला घराबाहेर काढायचं तिच्याकडूनच दात करून घ्यायचे! बारकीनं तो साचा हातात घेतला आणि कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.

तिनं काम मन लावून केलं. मेणाची ट्रायल, म्हणजे तोंडात बसवून बघायची कच्ची कवळी, बिनचूक पाठवली. डॉक्टरांनी दादाला खुर्चीत बसवून एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणायला लावलं. स आणि श नीट उमटतात का, हे त्यावरून कळतं. सगळं ठीक आहे असा निरोप आला. मग मेणाच्या जागी पक्की कवळी ओतायच्या आधी बारकीनं दार लावून घेतलं. वरच्या दातांच्या मागे, जिथे जीभ टेकते आणि हवा निसटते, तिथे तिनं सुरीच्या टोकानं बारीक बारीक वळ्या पाडल्या. तिथून हवा थरथरतच बाहेर पडावी, अशा. वरची पट्टी केसभर सैल ठेवली. आख्खं आयुष्य याच कामात गेलं होतं तिचं, कुठे काय केलं की कसा आवाज होतो ते तिला पाठ होतं. बाबांच्या आजारपणात दादा एकदाही उशाशी बसला नाही, ती एक वळी. बाबांच्या हत्यारांना त्यानं भंगार म्हटलं, ती एक वळी.

आत्या भर दुपारी आली. ती बाहेर चपला काढतेय तोवर दादा घाईघाईनं खोलीत शिरला, बारकीच्या हातातून कवळी ओढून घेतली, कपाटाच्या दारामागे तोंड करून बसवली आणि वळला. चेहरा कसा भरलेला, रुबाबदार.

"शाब्बास," तो म्हणाला. किर्र!

त्यानं दचकून पेटीकडे पाहिलं. "बघ, सुरू झालं यांचं!" किर्र!

आत्या आत येऊन कॉटवर टेकली. दादानं सूत्रं हातात घेतली. "आत्या, शांत बस आणि नुसतं ऐक." किर्र, किर्र! "ऐकलंस? सारखं असंच असतं. सकाळ नाही, संध्याकाळ नाही!" आणि पेटीत आणखी जोर यावा म्हणून त्यानं ती गदागदा हलवली. खेकडे आधीच झोपेतले. होते नव्हते ते पाय त्यांनी शंखात ओढून घेतले आणि चिडीचूप झाले.

आत्यानं गुडघ्यावर हात ठेवून वाकून पेटीला कान लावला. तिकडे काही नाही. "अरे, आवाज मागून येतोय," ती म्हणाली.

"मागून कसा येईल? असं कसं?" किर्र! टक!

आत्या हळूच सरळ झाली आणि दादाच्या तोंडाकडे बघू लागली. "परत बोल."

"काय बोलू?"

"साठच्या पुढे मोज," बारकी म्हणाली. एवढं एकच वाक्य ती बोलली.

दादा एकसष्टच्या पुढे गेलाच नाही. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, चेहरा लालबुंद झाला. त्यानं बोटं घालून कवळी उपसली आणि टेबलावर आदळली. आत्या पोट धरून हसत होती. बारकीला वाटलं, बाबा गेल्यापासून छातीवर बसलेला दगड आज उतरला.

"लबाडा," आत्या डोळे पुसत म्हणाली, "खेकडे बिचारे गप आणि तुझीच किरकिर! कळली मला तुझी चलाखी. बारके, आता तू बोल. तुझं काय म्हणणं आहे ते सांग. मी ऐकते आणि तसंच करते."

बारकीनं तोंड उघडलं. सगळं तयार होतं, ओळीनं. तिनं दादाकडे बोट केलं, मान वर केली, आणि दादाकडे पाहिलं.

तिच्या हाताखालून गेलेली तोंडं मोजायची म्हटली तरी मोजता आली नसती, पण ती सगळी प्लास्टरची. बोळकी माणसं डॉक्टरकडे जायची, तिच्याकडे नुसता जबडा यायचा. दादाचं बोळकं तोंड तिनं पाहिलंच नव्हतं. आवाजाचा तिनं केसाकेसाचा हिशेब केला होता आणि चेहऱ्याचा विचारच केला नव्हता. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली, वरचा ओठ मिटून नाहीसा झालेला. कवळी वाटीत काढून ठेवून याच टेबलाशी कामाला बसणारे बाबा तिच्यासमोर उभे होते.

आत्याचंही हसू थांबलं. "अगं बाई," ती पुटपुटली, "माझा अण्णाच."

बारकी मनातून जळून गेली. खोली तर हवीच, वर बाबांचं तोंडसुद्धा यालाच मिळावं! तिनं रागाला खूप बोलावलं. राग येईना. त्या तोंडानं शेवटी शेवटी पाणी मागितलं होतं, खिडकी उघड म्हणून सांगितलं होतं, आणि तिनं कशालाच कधी नाही म्हटलं नव्हतं.

दादाला यातलं काही कळलं नाही. भांबावून, ओठ आत ओढून, आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं आडवळण न घेता विचारलं. शब्द बोबडे येत होते. "बारके, खोली दे ना गं."

"घे," ती म्हणाली.

आत्यानं तिला दोनदा विचारलं, नक्की का? ती दोन्ही वेळा हो म्हणाली. "मग ठरलं," आत्या म्हणाली आणि काठी टेकत वहिनीकडे चहाला निघून गेली.

बारकीनं टेबलावरची कवळी उचलली, मोटर सुरू केली. ते तोंड तसंच समोर राहणं तिला सोसवत नव्हतं. एकेक वळी तिनं घासून काढली, आत कवळीचा मसाला भरून सैल पट्टी घट्ट केली, कडा गुळगुळीत केल्या, पाण्यानं धुऊन कवळी दादाच्या हातात दिली. त्यानं ती बसवली. गाल भरले, ओठ वर आला, बाबा निघून गेले. समोर दादा उभा होता, आणि तिचा सगळा राग जसाच्या तसा परत आला.

दादानं जीभ फिरवून पाहिली, समाधानानं मान डोलावली.

"शनिवारी सकाळीच सगळं सामान हलव," तो म्हणाला. शब्द अगदी स्वच्छ आले.