हळदीकुंकवाचं अत्तर

स्वदेशीचं व्रत घेतलेल्या माणसाबरोबर संसार करणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकतीस सालचा चैत्र नाशकात आमच्या घरी काढायला हवा होता.

आमचे हे शाळेत शास्त्र शिकवत. विलायती कापडाची होळी झाली तेव्हा मी काही बोलले नाही. माझ्या चांगल्या चोळ्या त्यात गेल्या, तरी नाही. पण मग यांची नजर अत्तरावर गेली. भद्रकालीतले शौकतमियां वर्षानुवर्षं दारी येऊन हिना आणि केवडा देत. त्यांचं अत्तर कनोजचं, म्हणजे पक्कं देशी. पण कुपीच्या बुडाशी इंग्रजी अक्षरं निघाली आणि यांनी त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. मियां म्हणाले, तुमच्या वाटीत ओतून देतो. तर हे म्हणतात, परक्या काचेला लागलेलं अत्तर घरात नको. चष्म्याच्या काचा कुठल्या, हे विचारायची माझी काय प्राज्ञा!

मग अत्तर घरीच करायचं ठरलं. रोशा गवताच्या तेलाला गुलाबासारखा वास असतो, असं यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. पेठच्या डोंगरातून ते तेल आमच्या बाजारात येई, आणि गावाला त्याचा एकच उपयोग ठाऊक होता: म्हाताऱ्यांचे गुडघे चोळायचे. मी तसं म्हटलं. हे म्हणाले, नाकालाही शिक्षण लागतं. अत्तराला आधार चंदनाच्या तेलाचा हवा, ते परवडेना म्हणून तिळाचं घेतलं. वास टिकावा म्हणून लवंगेचं तेल घातलं, आणि उन्हाळा आहे म्हणून कापूर. गुडघ्याच्या तेलात आणखी काय असतं, ते मला अजून समजलेलं नाही. शिवाय हे सगळं मुरवायला माझी लोणच्याची बरणी गेली, ती गेलीच.

पण माझा जीव त्या बरणीत नव्हता, मथूत होता. आमच्या मथूला सोळावं सरलं होतं. दोन ठिकाणांहून नकार आले होते आणि त्यावर पोर एक शब्द बोलली नव्हती. तेच मला जास्त लागलं होतं. अशात पंचवटीच्या सरुबाईंचा निरोप आला, की चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येईन म्हणून. त्यांचा मुलगा वकिलीच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होता. म्हणजे त्या मुलगी बघायलाच येणार होत्या, फक्त बघतोय असं दाखवणार नव्हत्या. हे जमू दे, म्हणून मी गौरीपुढे काय काय कबूल केलं ते तिलाच माहीत.

अत्तरदाणीत गेल्या वर्षीचा थोडा केवडा मी जपून ठेवला होता. त्या दिवशी बायका यायच्या आधी यांनी तो मोरीत ओतला, आपलं अत्तर भरलं आणि बायका काय म्हणतात ते ऐकायला माजघराच्या दाराआड जाऊन उभे राहिले. मला कळलं तेव्हा मथू हातांवर अत्तर लावत निम्मी रांग पुढे गेली होती.

बायका हात नाकाशी नेत आणि एकमेकींकडे बघत. शेजारच्या धोंडाबाईंनी मला हळूच विचारलं, घरात कोणी आजारी आहे का. दुसरीने वातावर निर्गुडीचा पाला शेकायला सांगितला. मग सगळ्यांनाच आपापल्या सासवांची आठवण झाली. समोर गौर नटून बसलेली, आंब्याची डाळ, पन्हं, सगळं जागच्या जागी, आणि वास मात्र अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या खोलीचा.

सरुबाईंनी हात हुंगला, आणि मथूला पलीकडचं तबक आणायला सांगितलं. तिने आणलं. मग खाली बैस म्हणाल्या. मग पन्ह्यासाठी उठवलं, पुन्हा बसवलं. मुलीला चालवून बघतात, हे मलाही माहीत होतं. मलाही चालवलं होतं. पण पोर उठत होती, बसत होती, आणि खोलीभर बायका तिच्या गुडघ्यांवर डोळे लावून बसल्या होत्या. ते मला बघवेना. नवऱ्याची लाज राखायची की लेकीचं लग्न, एवढंच उरलं होतं.

"सरुबाई," मी म्हटलं, "या घरात कोणाचे गुडघे दुखत नाहीत. हे अत्तर आहे. आमच्या यांनी घरी केलंय."

बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. दाराआड कोणीतरी खाकरलं. सरुबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, स्वदेशी का? मी हो म्हटलं. त्यांनी पदराखालचे हात बाहेर काढून माझ्यापुढे धरले. दोन्ही तळवे सोलवटलेले, बोटांना भेगा.

"आमच्याकडे साबण करतात," त्या म्हणाल्या.

सख्ख्या बहिणीबद्दल वाटू नये तेवढं मला त्या बाईबद्दल वाटलं. मुलगा तरी यातून सुटलाय का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, तो शाई करतो. परीक्षेचे पेपरही त्याच शाईने लिहिणार आहे.

मग त्यांनी मथूला जवळ बसवून घेतलं आणि मला म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. एवढी उठबैस करवली, पण कपाळावर आठी नाही. आमच्या घरात अशीच लागते."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, हे मला कळत होतं, आणि तरी मला आनंद लपवता येईना. गौरीने मागितलेलं सगळं पदरात घातलं होतं. मी सरुबाईंची ओटी भरायला हरभरे घेतले. मथू ताट धरून माझ्याजवळ आली. तिने सरुबाईंच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई," तिने अगदी हळू विचारलं, "सवय व्हायला किती वर्षं लागतात?"

मी म्हटलं, होते गं लवकर. चैत्रगौरीसमोर बसून, सणासुदीच्या दिवशी, पोटच्या पोरीशी मी धडधडीत खोटं बोलले.