आधी पाटी, मग किल्ली

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. माझ्या अंगावर दोनच ओळी आहेत आणि मित्रांनो, त्या दोन ओळींपलीकडे जगाला काही सांगावं असं मला कधी वाटलं नव्हतं. पण एके दिवशी माझ्याबद्दलच प्रश्न निघाला. त्या सकाळी ही पाटी कुठे होती? एका लेकीला याचं उत्तर हवं होतं. तिचे वडील गेले होते आणि लोक म्हणत होते, चूक त्यांचीच. एवढी मोठी पाटी असून पाहिली नाही. उत्तर मला ठाऊक होतं. पण पाटीला तोंड नसतं, अक्षरं असतात, आणि माझी अक्षरं तेव्हा चिखलात होती.

म्हणून आता पहिल्यापासून सांगते.

खरं तर मी जेवणाचं टेबल होणार होते. सुताराच्या कारखान्यात रंधा मारून भिंतीला टेकवून ठेवलेली मी एक जाड, लांबरुंद फळी होते. एके दिवशी एक गृहस्थ घाईघाईनं आले आणि बोटानं माझ्याकडे दाखवून म्हणाले, "ही द्या. आजच."

त्यांना पुढे सगळे थोरले मालक म्हणू लागले. एका मोठ्या तळ्याच्या काठी त्यांनी रिसॉर्ट बांधलं होतं. उतारावर छोटी छोटी घरं, मधोमध भोजनगृह, खाली नावेचा धक्का. तळ्यात मगरी असतात हे त्यांनी ऐकलं होतं. पण त्या दिवशी दोरीवरच्या चादरी काढायला गेलेल्या धोब्याला चादरींच्या सावलीत एक मगर ऊन खात पडलेली दिसली होती. धोबी जो पळाला तो थेट मालकांच्या कचेरीत. मालक तिथून थेट सुताराकडे.

पेंटरनं मला पांढरा रंग दिला, अक्षरं काढली आणि मग तो चित्राकडे वळला. त्यानं मगर कधी पाहिली नव्हती.

"अरे, ही पाल झाली," थोरले मालक म्हणाले.

"मोठी करतो, मालक."

"आणि ही हसतेय का?"

"दात दाखवायचे म्हटलं की हसल्यासारखंच दिसतं. तुम्ही बघा आरशात."

मालकांनी आरशात पाहिलं की नाही कोण जाणे, पण पाल तशीच राहिली. डब्यात थोडा लाल रंग उरला होता. पेंटरनं तो माझ्या चारही कडांना चोपडला. लाकडात पाणी कडेनं शिरतं, म्हणाला. त्याच्या हातून झालेलं हे काम त्या दिवशी कुणी पाहिलंही नाही.

मला धक्क्याच्या तोंडाशी उभं केलं. माझ्यावर लिहिलं होतं: 'या तळ्यात मगरी आहेत. काठावर थांबू नका, पाण्यात हात-पाय घालू नका.'

मी एकटी नव्हते. काठाच्या कडेनं जाळीचं कुंपण होतं, धक्क्याला फाटक होतं, फाटकाला कुलूप होतं. नाव सुटायच्या वेळीच ते कुलूप निघायचं. कुंपण अडवायचं, कुलूप थोपवायचं. बोलायचं काम तेवढं माझ्याकडे होतं.

आणि थोरल्या मालकांची एक रीत होती. पाहुणा आला की त्याचं सामान खोलीकडे जायचं, पण खोलीची किल्ली मालकांच्या खिशात राहायची. पाहुण्याला ते उतारावरून खाली आणायचे, माझ्यासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "वाचा."

"बरं, वाचलं."

"मोठ्यानं."

प्रवासानं आंबलेली माणसं वैतागायची. एका जाडजूड पाहुण्यांनी तर कमरेवर हात ठेवून विचारलं, "अहो, मी काय पहिलीत आहे?"

"पहिलीतल्यांना मी दोनदा वाचायला लावतो," मालक म्हणाले. पाहुण्यांनी वाचलं आणि किल्ली घेतली. संध्याकाळी तेच आपल्या बायकोला माझी पाल दाखवून हसत होते.

मालकीणबाईंना ही रीत पटत नसे. "एक दिवस सगळी गिऱ्हाइकं पळवून लावाल," त्या म्हणायच्या.

"पळालेलं गिऱ्हाईक घरी पोचतं," मालक म्हणायचे. "गेटमधून आत घेतलं ना आपण त्यांना? हसून घेतलं. मग परत बाहेर पडेपर्यंत ते आपल्या हवाली. त्यांना ठाऊक नाही इथे काय आहे. आपल्याला आहे."

ती वर्षं बरी गेली. उन्हानं माझा पांढरा रंग पिवळट झाला, मगरीचा एक डोळा उडाला. मुलं माझ्याशी फोटो काढून घ्यायची, पालीसारखे दात विचकून. एकदा एका मुलीचा चेंडू कुंपणाखालून घरंगळत पाण्यापर्यंत गेला. ती फाटकावर चढू लागली, मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि उतरून परत गेली. चेंडू बरेच दिवस तिथेच पडला होता. नंतर तो दिसला नाही.

थोरले मालक वारले आणि धाकटे मालक आले. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आवर्जून सांगते. त्यांनी एक मॅनेजर नेमला. मॅनेजर हुशार होता, पाहुण्यांच्या मनात काय आहे ते त्याला त्यांच्या आधी कळायचं. जाळीमुळे तळं नीट दिसत नाही, अशी तक्रार आली, तेव्हा जाळी निघाली आणि तिच्या जागी फुलझाडांच्या कुंड्या आल्या. फाटकाचं कुलूप गंजलं होतं. ते तोडलं आणि नवं काही आणलं नाही. किल्ली आता वरच्या काउंटरवर, सरबताच्या पेल्याबरोबर मिळू लागली. काउंटरवरच्या मुलींना सांगून ठेवलं होतं की 'मगर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कुणी विचारलंच तर सांगायचं, "तळं अगदी नैसर्गिक आहे."

मी तेवढी उरले होते. मग एक लग्न आलं.

"साहेब, प्रत्येक फोटोत नवरीच्या मागे ही पाल येतेय," फोटोग्राफर म्हणाला.

"पाल नाही, मगर आहे ती," नावाडी म्हणाला.

"मग तर काढाच."

मॅनेजरनं नावाड्याला हाक मारली. "दोन दिवस काढून ठेव. लग्न आटोपलं की लावू परत."

नावाड्यानं स्क्रू काढले आणि मला नावांच्या छपराखाली ठेवलं. लग्न आटोपलं. त्यामागून एका कंपनीची सहल आली, मग आणखी एक लग्न. नावाड्यानं एकदा विचारलं, "साहेब, पाटी?" मॅनेजर फोनवर होता. त्यानं हातानंच थांब म्हटलं, आणि नावाडी थांबला.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं. धक्का आणि नाव यांच्यामध्ये घोटाभर चिखल उघडा पडला. पाहुण्यांचे बूट भरू लागले. नावाड्याला एक जाड, लांब फळी हवी होती. ती छपराखाली होतीच. त्यानं मला चिखलावर आडवं टाकलं. पाहुणे अक्षरांवरून घसरतील म्हणून अक्षरं खाली ठेवली आणि खरखरीत पाठ वर. आता माझ्या पाठीवरून लोक नावेत चढू लागले. मी त्यांचं वजन ओळखू लागले. टाचांचं वेगळं, मुलांच्या उड्यांचं वेगळं. ज्या दोन ओळी वाचल्याशिवाय कुणाला किल्ली मिळत नव्हती, त्यांच्यावर पाय देऊन माणसं पाण्यापर्यंत जात होती.

एके दिवशी सकाळी एक सडपातळ वृद्ध गृहस्थ आणि त्यांची लेक खाली आली. हे गृहस्थ जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते, पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधत होते. निवृत्त झाल्यावर पुस्तकं थांबली, सवय थांबली नाही. दिसेल ते मोठ्यानं वाचायचे. लेकीला ती सवय लहानपणापासून ठाऊक असावी, कारण ती ऐकता ऐकता स्वतःचं काम करत होती.

"हे बघ," नावेतलं जॅकेट उचलून ते म्हणाले. "'पाण्यात भिजवू नये.' बुडणाऱ्याच्या जॅकेटवर! आता याला काय म्हणावं?"

"बाबा, त्यांना पत्र लिहू नका म्हणजे झालं."

"पत्र नाही लिहीत. पण काय जागा आहे बघ. एवढी मोठी, आणि वाचायला एक अक्षर नाही."

ते माझ्यावर उभे होते.

"बरंच झालं की. डोळ्यांना सुट्टी," लेक म्हणाली. "टोपी विसरलात ना पुन्हा? थांबा इथेच, मी घेऊन येते."

"थांबतो. मी कुठे जातोय?"

ती चढ चढून गेली. नावाडी वल्ही आणायला छपराकडे गेला होता. गृहस्थांच्या एका चपलेला चिखल लागला होता. ती काढून ते माझ्या टोकाशी बसले आणि धुवायला वाकले.

पाणी एकदाच हललं.

लेक टोपी घेऊन खाली आली, तेव्हा माझ्यावर एकच चप्पल होती.

मित्रांनो, मी लाकूड आहे. पुढचे दोन दिवस मी जे ऐकलं ते मला सांगता येणार नाही, आणि सांगून कुणाचा फायदाही नाही. आणखी एक गोष्ट मात्र ते गेले त्याच संध्याकाळी झाली. माझ्या जुन्या जागेवर एक पत्र्याची नवी पाटी उभी राहिली.

चौकशीला एक वनाधिकारी बाई आल्या. धाकटे मालक आले, मॅनेजर आला, नावाडी आला. लेकही आली. तिच्या हातात टोपी तशीच होती.

"पाटी इथे पहिल्यापासून आहे," मॅनेजर म्हणाला. "फार वाईट झालं. पण आजोबांनी बघायला हवं होतं. आम्ही तरी प्रत्येकाच्या मागे किती धावणार?"

"बाबांनी ही पाटी पाहिली नाही," लेक म्हणाली.

"तेच तर म्हणतोय, मॅडम. दुर्लक्ष झालं."

"माझे बाबा दुकानांच्या पाट्या वाचायचे. बसमधल्या वाचायचे. औषधाच्या बाटलीमागचं बारीक अक्षर भिंग घेऊन वाचायचे. इथे येताना रस्त्यातला प्रत्येक फलक त्यांनी मला वाचून दाखवला. ही पाटी असती, तर मला ती ऐकू आली असती."

"माणूस आहे. एखादी सुटते."

"त्या दिवशी ते इथे उभे राहून म्हणाले, वाचायला एक अक्षर नाही."

"हे तुम्ही सांगताय," मॅनेजर हळूच म्हणाला. वनाधिकारी बाईंनी मान वर केली नाही. साक्षीला दुसरं कुणी नव्हतं. नावाडी बुटांकडे बघत होता.

लेक मग कुणाशी काही न बोलता धक्क्यावरून खाली आली. वडील जिथे होते तिथे तिला उभं राहायचं असावं. ती माझ्यावर आली. तिचं वजन फार नव्हतं. ती माझ्या टोकापर्यंत गेली नाही, मध्येच खाली बसली. तिचा हात माझ्या कडेवर होता. मग तिनं बोटानं कडेवरचा वाळलेला चिखल खरवडला.

"या फळीची कड लाल का आहे?"

मॅनेजर दोन पावलं पुढे आला.

"रिसॉर्टमध्ये जुनं सामान खूप असतं," मॅनेजर म्हणाला. "कुठलं तरी लाकूड."

"चिखलात टाकायच्या फळीला कुणी रंग देतं का?" लेक म्हणाली. ती उठून बाजूला झाली. "उलटी करा."

"अहो, कशाला उगाच..."

"करा उलटी," वनाधिकारी बाई म्हणाल्या.

नावाडी पुढे झाला. चिखल मला सोडत नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा मी मोठा आवाज करून सुटले. त्यानं डोलचीनं माझ्यावर पाणी ओतलं. आधी दात दिसले, मग एका डोळ्याची मगर, आणि मग माझ्या दोन ओळी.

तळ्यावरून पक्ष्यांचा एक थवा गेला.

"मला दोन दिवस म्हणून सांगितलं होतं, ताई," नावाडी म्हणाला. "मी विचारलं होतं. एकदा विचारलं होतं."

धाकटे मालक चिखलात उतरले. त्यांचे चांगले बूट भरले. माझ्यासमोर ओणवे होऊन त्यांनी त्या पालीच्या दातांवरून हात फिरवला. "ही आमच्या बाबांची पाटी आहे," ते म्हणाले.

"ते असते तर काय केलं असतं?" लेकीनं विचारलं. तिनं रागानं विचारलं नाही. खरोखरच तिला जाणून घ्यायचं होतं.

मालक सरळ उभे राहिले. "किल्ली दिली नसती," ते म्हणाले. "हे वाचून दाखवल्याशिवाय कुणालाच नाही."

वडिलांवरचा ठपका त्या दिवशी पुसला गेला. मॅनेजरची नोकरी गेली. रिसॉर्टला टाळं लागलं. खटला चालला आणि पुरावा म्हणून मी एका सरकारी कपाटाच्या मागे बराच काळ काढला. तिथे कोळ्यांशिवाय मला कुणी वाचलं नाही. दरम्यान काठाला पुन्हा जाळी लागली, फाटक आलं, कुलूप आलं. वाळू टाकून चिखल बुजवला. मी परत आले, तेव्हा नवा पेंटर मला खरवडून नव्यानं रंगवायला निघाला होता. धाकट्या मालकांनी त्याला अडवलं. अक्षरं ठळक करायला सांगितली आणि बाकी मला हात लावू दिला नाही. चिखलाचा डाग अजून माझ्या डाव्या कोपऱ्यात आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी 'पाट्या वाचत जा' असं सांगायचं असतं. वाचत जाच. पण त्या माणसानं जन्मभर पाट्या वाचल्या होत्या. म्हणून माझी विनंती तुमच्याकडे नाही, जे दार उघडून 'या' म्हणतात त्यांच्याकडे आहे. तुमच्या अंगणात काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं, आलेल्याला नसतं. ते त्याला सांगा. त्याचं मन खट्टू झालं तरी सांगा, तुमचा फोटो बिघडला तरी सांगा. आणि आमच्यासारख्यांना दोन दिवसांसाठीसुद्धा काढू नका.

रिसॉर्ट पुन्हा सुरू झाल्यावर लेक एकदा आली. मालक तिला घेऊन उतारावरून खाली आले. आता किल्ल्या त्यांच्या खिशात असतात. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि कुणी न सांगता वाचू लागली. मोठ्यानं, सावकाश, पहिल्या ओळीनंतर पूर्णविरामाला थांबून, मधल्या स्वल्पविरामालाही थांबून. एवढ्या नीट मला आजवर कुणी वाचलं नव्हतं.

मालकांनी सवयीनं खिशातून किल्ली काढून पुढे केली. तिनं मान हलवली.

ती राहायला आली नव्हती.