माझा कोरा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि आज माझे डोके फिरले आहे. माझ्या पोटात रबर बँड, वाळलेली पेने आणि कुणाच्या तरी विकून टाकलेल्या सायकलची किल्ली कोंबून ठेवली आहे. घरी पाहुणे आले की मला फळीवरून उचलतात, "किती गोड आहे!" म्हणतात आणि परत ठेवतात. मी गोड नाही. एका अख्ख्या घराचा पगार माझ्या पोटातून गेला आहे. गोड म्हणणाऱ्यांना तो इतिहास एकदा ऐकवायचाच आहे.

झान नदीच्या काठी एका पत्रा कारखान्यात मी जन्मलो. तेव्हा दुसरे महायुद्ध संपून फार वर्षे झाली नव्हती. मला हिरवा रंग दिला गेला. झाकणावर नाणी टाकायच्या फटी, प्रत्येक फटीखाली एक कप्पा आणि कप्प्यापुढे नावाची चिठ्ठी सरकवायला छोटी पितळी चौकट, अशी माझी घडण. भाडे, कोळसा, गॅस, दूध-पाव, कपडे, अंत्यविधी अशा चिठ्ठ्या कारखान्यातूनच आल्या. शेवटची चौकट मात्र कोरी सोडलेली होती. घरोघरची गरज वेगळी असते, ती ज्याने त्याने लिहावी, असा घडवणाऱ्यांचा विचार होता. त्या कोऱ्या चौकटीचा मला भारी अभिमान होता.

एन्स्खेडे या कापडगिरण्यांच्या गावच्या बाजारात मला डिकाने विकत घेतले. तिचा नवरा बेरेंड कापडाच्या गिरणीत विणकर होता. डिका घरी बसून गिरणीच्या कापडातल्या गाठी शोधायची आणि तुटलेले धागे सुईने जोडायची. खिडकीपाशी कापड पसरून, मान खाली घालून दिवसभर तेच काम. त्यांना एकच मुलगी, फेन्ना. मी आलो तेव्हा ती टेबलाखाली रांगत होती.

त्या गल्लीत चांगला नवरा कोण? जो शुक्रवारी पगाराचे पाकीट न फोडता बायकोच्या हातात ठेवतो तो. बेरेंड पाकीट कधीच फोडत नसे, आणि हे सगळ्या गल्लीला सांगत असे. पुढचे मात्र कुणाला सांगत नसे. पाकीट दिल्यावर तो तंबाखू कागदात वळत डिकाच्या समोर बसायचा आणि तिच्या बोटांवर नजर ठेवायचा. एका कप्प्यात पडलेला पैसा दुसऱ्या कप्प्यात जायचा नाही, ही त्याच्या आईची शिस्त. एका वर्षी वसंत लवकर आला. कोळशाच्या कप्प्यात पैसे उरले आणि कपड्यांचा कप्पा रिकामा होता. फेन्नाचे बूट फाटलेले. डिकाने नुसता हात पुढे केला, तर हा ओरडला, "कोळशाचं ते कोळशाचं!" पोर पावसात बुटांत वर्तमानपत्र घालून शाळेत गेली. माझ्या पोटात पैसे खुळखुळत होते आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती.

तुम्ही म्हणाल, दोष डब्याच्या पद्धतीचा. तसे काही नाही. शेजारची गेसियन सगळा पगार मुरंब्याच्या एका बरणीत टाकायची. मंगळवारी घरात केक आणि गुरुवारी नुसता बटाटा. तरी तिची पोरे हसत असायची. बेरेंड जिची शिस्त सांगायचा ती त्याची आई स्वतः पैसे वेगवेगळ्या मोज्यांत ठेवायची आणि कुठला मोजा कशाचा हे तिलाच आठवायचे नाही. महिला मंडळात एक बाई यायच्या, त्या रोजचा खर्च वहीत लिहायला शिकवायच्या. पद्धती पुष्कळ होत्या. पण मित्रांनो, डिकाच्या घरात पैसे कसे ठेवायचे हा प्रश्नच नव्हता. चौकटीवर नाव कोण लिहिणार, हा प्रश्न होता.

आणि माझ्या कोऱ्या चौकटीत बेरेंडने काय लिहिले, ऐका. "कबुतरे"! शर्यतीची कबुतरे पाळण्याचे वेड तिथल्या विणकरांना होतेच, पण याचे वेड डोक्यात गेले होते. मटार, मका, पायातल्या कड्या, क्लबची वर्गणी, सगळे माझ्या पोटातून. डिका गप्प बसली. मला मात्र तेव्हापासून राग आहे, तो अजून उतरलेला नाही.

फेन्ना चौदा वर्षांची झाली तेव्हा तिचे गुरुजी घरी आले. मुलगी हुशार आहे, तिला शिक्षिका होण्यासाठी पुढे शिकवा, फी माफ करून घेतो, बसचे आणि पुस्तकांचे तेवढे तुम्ही बघा, असे सांगून गेले. ते गेल्यावर डिकाने मला टेबलावर आणले.

"बेरेंड, एक कप्पा पोरीसाठी करू या."

"कुठला?" बेरेंडने तंबाखूवरून नजर उचलली नाही. "आहेत का मोकळे?"

"कबुतरांचा आहे."

"वेडी झालीस? निळी मादी या वर्षी शर्यतीला फ्रान्सपर्यंत जाणार! पोरीला गिरणीत घेतील, मी मुकादमाशी बोललोय. कप्पा नाही म्हणजे नाही."

फेन्ना जिन्यात उभी होती. तिने सगळे ऐकले आणि पायरीवर बसून राहिली. एका पक्ष्याला फ्रान्सला जायला पैसे होते, पण या पोरीला शेजारच्या गावी जायला नव्हते. मित्रांनो, पत्र्याला दात नसतात. असते तर मी त्याच्या बोटाचा तुकडा पाडला असता.

दर शनिवारी अंत्यविधी निधीचे वेसेलिंक वर्गणी न्यायला यायचे. त्या गल्लीत सगळे उसने चालायचे, दूधवाल्याला थांबवायचे, पण ही वर्गणी कुणी चुकवायचे नाही. निधी नसला तर नगरपालिका मेलेल्याला पुरते, साध्या फळ्यांच्या पेटीत, आणि गल्ली ते विसरत नाही. त्या शनिवारी बेरेंड छतावर कबुतरांपाशी होता. डिकाने दार उघडले.

"वेसेलिंकसाहेब, बेरेंडचं घ्या, पोरीचं घ्या. माझं नाव खोडा."

"डिकाबाई, असं कुणी करतं का? इतक्या वर्षांचं भरलेलं बुडेल!"

"बुडू द्या."

"अहो, पण उद्या काही झालं तर..."

"उद्या काही झालं तर मी घाईत असणार नाही. खोडा म्हणते ना!"

त्यांनी खोडले. स्वतःला पुरायचे पैसे डिकाने मुलीच्या बसला लावले. ते पुरणार नव्हते, म्हणून तिने गिरणीतून जास्तीचे कापड आणले. गाठी शोधता शोधता ती कापड दिवसेंदिवस डोळ्यांच्या जवळ नेऊ लागली. फेन्ना शाळेत जायला लागली. गुरुजींनी सगळे जमवले, असे डिकाने घरात सांगितले.

वेसेलिंकांच्या पोटात गोष्ट राहिली नाही. त्यांनी कबुतरांच्या क्लबात चारचौघांत बेरेंडला विचारले, की वहिनींची तब्येत बरी ना, नाव का काढले? बेरेंड लाकडी जोडे न काढताच घरात शिरला.

"मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस! तुला काय नगरपालिकेच्या गाडीतून न्यायचं?"

"ने की," डिका सुई न थांबवता म्हणाली. "मेल्यावर मला कुठली गाडी मिळाली ते मी बघायला येणार नाही. पोरगी रोज बसमध्ये चढते ते मी बघते."

"नवऱ्याला न विचारता?"

"विचारलं होतं. तू कबुतराला विचारून सांगितलंस."

त्याने पायातला जोडा काढला. मला वाटले, हा आता तिच्यावर उगारणार. त्याने तो माझ्यावर हाणला. माझे झाकण वाकले, पुन्हा कधी नीट बसले नाही. मला दुखले नाही, बरे वाटले. तिच्या वाटचे मला मिळाले होते.

वर्षे गेली. फेन्ना शिक्षिका झाली. पहिल्या पगाराचे पाकीट तिने न फोडता घरी आणले आणि टेबलावर ठेवले. बेरेंडने आपसूक हात पुढे केला.

"रीत आहे आपल्या घरची," तो म्हणाला.

"रीत या डब्याची होती," डिका म्हणाली. "डब्याचं झाकण तूच मोडलंस. फेन्ना, तुझं पाकीट तू फोड."

फेन्नाने ते फोडले. पहिली नोट तिने घडी करून माझ्या अंत्यविधीच्या कप्प्यात सारली. "आई, हे तुझं. वेसेलिंककाकांना सांगून तुझं नाव परत घालते."

डिका एकदम भडकली. इतक्या वर्षांत मी तिला असे भडकलेले पाहिले नव्हते. "काढ ती नोट! मला पुरायची घाई आहे का तुला? मला दिसत नाही गं पोरी. सुईत दोरा जात नाही. पावाला लोणी लागलंय की नाही ते बोटाने बघते मी. मला आधी चष्मा आण!"

त्या सगळ्या वर्षांत माझ्या कुठल्याही चौकटीवर डिकाचे नाव नव्हते, फक्त तिच्या मरणाचे होते, आणि तेही तिने खोडून टाकले होते. हे मला तेव्हा कळले. मी तिच्या रोजच्या हाताखालचा डबा, आणि मला तेव्हा कळले!

चष्मा आला. तो नाकावर बसवून डिकाने मला खिडकीपाशी नेले, कबुतरांची चिठ्ठी ओढून काढली आणि शेगडीत टाकली. बेरेंड बघत राहिला. त्या चौकटीत तिने नवे काही लिहिले नाही. ती अजून कोरी आहे.

आता मी फेन्नाच्या नातीच्या, योरिंडेच्या घरात आहे. तिचा जोडीदार सीत्से शिस्तीचा माणूस आहे. घरखर्च त्याच्या फोनमध्ये असतो. तो चीज आणतो आणि निम्मे पैसे मागणारा निरोप योरिंडेला फोनवर पाठवतो, ती शेजारच्या खोलीत असताना. बाळ झाल्यापासून ती अर्धाच दिवस कामावर जाते, तरी निम्मे म्हणजे निम्मे. काल ती म्हणाली, "सीत्से, माझ्या खात्यात फार काही उरलं नाहीये." तो फोनकडे बघत म्हणाला, "मग तुझं नियोजन चुकतंय." तंबाखू तेवढी नव्हती. बाकी सगळा बेरेंड!

मित्रांनो, डबा घ्या, बरणी घ्या, वही घ्या, नाहीतर फोन. मला त्याचे काही नाही. पण पैसे वाटायला बसाल तेव्हा घरात कोण गप्प बसले आहे ते आधी बघा, आणि लेखणी त्याच्या हातात द्या. योरिंडे, तुला तर मी ओरडून सांगतो आहे. माझ्या शेवटच्या कप्प्यातले ते रबर बँड बाहेर फेक. ती जागा तुझ्या पणजीने तुझ्यासाठी मोकळी केली आहे.