बोअरचं पाणी

"स्वल्प सरका आप्पाजी, उजेड अडतोय," म्हणत अहल्येने तांब्या खिडकीपाशी नेला आणि बटरवर्टच्या कुंड्यांत बोअरचं पाणी ओतलं. पलंगावरून तिचा नवरा, विठोजी, नुसता बघत होता. अर्धांगवायूने हातपाय गेले, वाचा गेली. डोळे आणि समज तेवढी शाबूत राहिली होती.

"अण्णांच्या झाडांना किती जपता हो अक्का!" शेजारचे आप्पाजी म्हणाले. "किडे खातात म्हणे ही?"

"चिलटं. पानावर बसलं की चिकटलंच. मग सुटका नाही."

या झाडांना बोअरचं क्षारांचं पाणी म्हणजे विष. हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. चामराजपेटच्या त्या दोन खोल्यांत फिल्टर आला तोच मुळी झाडांसाठी. त्या पाण्यावर पहिला हक्क कुंड्यांचा, मग विठोजीचा, अहल्येला बोअरचं. एकदा तापात तिने फिल्टरचा पेला भरून घेतला, तर पाहुण्यांदेखत त्याने तो हातातून काढून कुंडीत ओतला. पुढे मूतखड्याने ती गडाबडा लोळली, डॉक्टरांनी पाणी बदला म्हणून बजावलं, तेव्हा हे महाशय पानांवरची धूळ ब्रशने झटकत म्हणाले होते, "पाण्यानं कुणाला काय होतंय?"

आता एकेक कुंडी काळी पडून कुजली होती. शेवटची तेवढी तग धरून होती. तिला जांभळं फूल आलं होतं, आणि तिच्याही मुळाशी आज तेच पाणी पोचलं. विठोजीच्या डोळ्यांना धार लागली.

"बघा, आनंदानं डोळे भरून आले. नशीबवान हो अण्णा!" आप्पाजी गहिवरून उठले आणि घरी गेले.

अहल्या फिल्टरचं पाणी आणि चमचा घेऊन बसली. नवऱ्याच्या सेवेत तिने कसूर ठेवली नव्हती. कुणाला बोट ठेवायला जागा नको. स्वतः मात्र ती सवयीने अजून बोअरचंच पीत होती. तिने चमचा पुढे केला. विठोजीने ओठ घट्ट मिटले आणि डोळे कुंडीकडे वळवले.

"त्याला देऊ म्हणता?"

त्याने पापण्या मिटून उघडल्या. उभ्या संसारात त्याने तिची केलेली ही पहिली विनवणी. तिने चमचा कुंडीवर धरला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला.

"अहो, पाण्यानं कुणाला काय होतंय?" ती म्हणाली, आणि चमचा स्वतःच्या तोंडात रिकामा केला.

पाणी खरंच गोड होतं.