अंगठ्याला कळलं होतं

मी चिंचेचा ओंडका बोलतोय. नाक मुरडू नका. बावीस वर्षं माझ्या अंगावर मटण तुटलं. पण तुमच्या घरी चवीनं जेवलेल्या कितीतरी रविवारांची सुरुवात माझ्यापासून झाली आहे.

मुरगूडच्या रस्त्याकडेला माझं झाड होतं. रस्ता रुंद करताना ते पाडलं. १९६१ साल असेल. खोडाचा गुडघाभर उंचीचा तुकडा मीरासाब खाटकानं हात फिरवून निवडला आणि बैलगाडीतून कोल्हापुरात आपल्या दुकानात आणला. चिंचेचं लाकूड सत्तुराखाली भुसा सोडत नाही. पण त्यावर जे तुटतं त्याची चरबी ते पिऊन घेतं. त्यामुळे कुठल्या बकऱ्यानं काय खाल्लं, हे मला न सांगता कळू लागलं.

मीरासाबला ते अंगठ्यानं कळायचं. गुर्द्याभोवतीच्या चरबीवर तो अंगठा दाबायचा. पन्हाळ्याकडच्या डोंगरात हिंडलेल्या बकऱ्याची चरबी मेणासारखी घट्ट. अंगठा कोरडा निघायचा. दावणीला भरडा खाऊन वाढलेल्याची मऊ, अंगठा चकाकायचा. मग तो गिऱ्हाइकाला सरळ सांगायचा, "पावणं, ह्ये डोंगरातलं हाय. दाताला लागंल, पर चव बगा." किंवा, "ह्ये मऊ हाय, पर रश्श्यावर तेल लई येईल. मागनं बोलायचं न्हाय."

पण बाजारातून आलेलं बकरं थेट माझ्याकडे कधीच येत नसे. आधी ते मागच्या परड्यात मेहमुदाकडे जाई. मेहमुदा म्हणजे मीरासाबची बायको. तिनं परड्यात शेवरीची झाडं लावली होती. तीन आठवडे ती बकऱ्याला शेवरीचा पाला आणि कडबा घाली. पुढच्या गल्लीत खानावळ चालवणारी बाळाबाई बुधवारी आणि रविवारी मटणाला यायची. ती मेहमुदाला हसायची.

"भाबी, बकरं कापायला आणलंय का माहेरपणाला?"

"माहेरपणच की वो. बाजारातलं जुनं पोटातनं निघू दे. न्हाईतर तुमच्या रश्श्यात त्येच बोलंल."

दुष्काळाच्या वर्षी, बहात्तरच्या चैत्रात, मेहमुदा गेली. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. चाळीस दिवसांनी मीरासाबनं दुकान उघडलं. परड्याचं दार मात्र उघडलं नाही.

डोंगराकडून येणारी बकरी त्या वर्षी हाडांची नुसती मोळी होती. मग हातकणंगल्याचा हुसेन नावाचा व्यापारी एक गुबगुबीत बकरं घेऊन आला.

मीरासाबनं विचारलं, "एवढ्या दुष्काळात अंग कशानं धरलं रं?"

"कोंबड्यांचं खाद्य घालतोय, मामू. सुकटीचा चुरा असतोय त्यात. म्हैन्यात फुगतंय की."

मीरासाबनं बकऱ्याची दोरी धरली. मागच्या दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. आत शेवरी होती, तिची विळी होती, रिकामी दावण होती. तो तसाच परत फिरला आणि बकरं पुढच्याच खांबाला बांधलं.

रविवारी सकाळी ते माझ्यावर आलं. मीरासाबनं सवयीनं अंगठा दाबला, नाकाशी नेला, आणि लुंगीला पुसला. मला वास लागला होता. वाळल्या मासळीचा, अगदी पुसट. त्यालाही लागला होता.

बाळाबाई आली. पिशवी पुढं केली.

"बगून घ्या," तो म्हणाला. आवाज खाली होता.

"बघायचं काय त्यात? तुमी दिलं म्हंजे झालं."

त्यानं पिशवी भरली.

संध्याकाळी ती परत आली. डोक्यावर पदर नव्हता, हातात पांढऱ्या रश्श्याचं पातेलं होतं. ते तिनं माझ्यावर आदळलं.

"वास घ्या! आठ मेंबर ताटावरनं उठलं माझं. बाई सुकटीच्या पातेल्यात मटण करती म्हणून गल्लीभर झालंय. खरं सांगा मीरासाब, माझा हात नासला का तुमचं बकरं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. साक्षीला मी एकटा होतो, आणि मला कोण विचारतंय?

"बकरं," तो म्हणाला. "कोंबड्यांच्या खाद्यावरचं व्हतं. मला म्हाईत व्हतं."

"म्हाईत व्हतं?"

"अंगठ्याला कळलं व्हतं. ही असती तर तीन आठवडं बांधलं असतं हिनं."

बाळाबाईनं पातेल्याची कड धरली. मग हळू म्हणाली, "भाबी गेली त्याचं मला बी हाय. पर ह्ये तिच्या नावावर घालू नका."

पातेलं उचलून ती गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मीरासाब खानावळीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि साऱ्या मेंबरांसमोर म्हणाला, की बाईंचा हात चांगला आहे, खोट माझ्या बकऱ्यात होती. पाचजण परत आले. तिघे आले नाहीत.

घरी येऊन त्यानं परड्याचं दार उघडलं. शेवरी पाण्याविना अर्धी वाळली होती. जी हिरवी होती ती त्यानं कापली, एका बकऱ्याला घातली, आणि तीन आठवडे दुकान बंद ठेवलं. त्या दिवसांत मी कोरडा पडलो. मला पहिली चीर तेव्हा गेली.

दुकान उघडलं त्या बुधवारी बाळाबाई आली. पिशवी पुढं करण्याआधी तिनं हात पुढं केला आणि चरबीवर स्वतःचा अंगठा दाबला. कोरडा निघाला.

"द्या," ती म्हणाली.

तेव्हापासून ती दर खेपेला दाबते. तो दर खेपेला दुसरीकडे बघतो.

आता चौऱ्याऐंशी चालू आहे. गेल्या वर्षी माझी चीर आरपार झाली. दुकानात नवा ओंडका आला, आणि मी परड्यात शेवरीखाली आहे. माझ्या भेगांत मुंग्या आहेत. दुपारी मीरासाब माझ्यावर बसून पाला खुडतो.

माझं एकच मागणं आहे. तुम्ही विचारता, मटण ताजं आहे का, कोवळं आहे का. जनावर कशावर वाढलं, तेही एकदा विचारा. आणि विकणाऱ्याला कळलं असेल, तर त्यानं न विचारता सांगावं.

मागचं दार उघडं असलं की मला दुकान दिसतं. परवा बाळाबाई आली होती. केस पिकलेत तिचे. मीरासाबनं चरबी पुढं केली. तिनं अंगठा उचलला, आणि तो तसाच हवेत थांबला. आज न दाबताच पिशवी पुढं करेल, असं मला वाटलं. मीरासाबनं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं.

मग तिनं अंगठा दाबला.