रघोजींची कादंबरी आणि माझी मान

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे आणि जन्मापासून आजवर मी एकदाही खोटे बोललेले नाही. खरेही बोललेले नाही. माझे तोंड रंगवलेले आहे, ते उघडत नाही. मला येते ते एकच काम, मान डोलावण्याचे, आणि त्यातही माझे कर्तृत्व काही नाही. वारा आला की ती डोलते.

तंजावरात माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. घागरा, धड आणि डोके असे आमचे तीन तुकडे, प्रत्येक खालच्याच्या टोकावर अलगद टेकवलेला. त्यामुळे आम्ही सदैव कशाला तरी संमती देत असतो. मी कागदाच्या लगद्याची आहे. माझ्या डोक्याला लागलेला कागद कुठल्याशा गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांचा होता, असे मला घडवणारा म्हातारा गिऱ्हाइकांना सांगे. लगद्यात लग्नपत्रिकाही होत्या, पण त्या ऐकून कोणी दचकत नसे, म्हणून तो त्या सांगत नसे.

कमलाक्षीच्या लग्नात मी आहेर म्हणून आले. पुढची कित्येक वर्षे कपाटात काढली. नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या पायऱ्यांवर मला ठेवत, बायका कौतुक करत आणि मी त्यांच्याशी सहमत होत असे. ते माझे वैभवाचे दिवस. मग कमलाक्षीचे यजमान रघोजी भूगोलाच्या मास्तरकीतून निवृत्त झाले आणि त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. मला त्यांच्या टेबलावर नेले.

कादंबरी त्यांच्याच घराण्याची होती, दहा-बारा पिढ्यांची. मराठ्यांबरोबर इकडे आलेल्या कोठीवरच्या एका कारकुनापासून सुरुवात. लिहीत होते देवनागरीत. घरातले बाकीचे मराठी बोलतात आणि तमिळ वाचतात, तेव्हा वाचक एकटे रघोजीच. म्हणून लिहिलेले ते मला मोठ्याने वाचून दाखवत. कादंबरीला त्यांनी एक नियम घातला होता. "एका प्रकरणांत एक जाणें, एक येणें," ते म्हणत. "तराजूचा काटा मध्यें उभा पाहिजे."

पहिल्या आठ पिढ्या सुरळीत पार पडल्या. मेलेल्यांना मारायला कोणाची परवानगी लागत नाही. नवव्या पिढीपाशी जिवंत माणसे लागली. तिथे रघोजी अडले आणि मला विचारू लागले.

"तुकोजीस संपवूं काय?"

तुकोजी त्यांचे चुलतभाऊ, ओरत्तनाडूला राहणारे. डोक्यावर पंखा चालू होता. मी मान डोलावली. रघोजींनी तुकोजींना विहिरीत पाडले आणि त्याच प्रकरणात त्यांच्या सुनेला नोकरी लावली. अकराव्या दिवशी फोन आला. कालव्याच्या कडेने मोपेडवरून येताना तुकोजी पडले आणि गेले. त्यांचे तेरावे झाले त्या दिवशी सुनेचे नेमणुकीचे पत्र आले. रघोजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विहीर खोडली आणि मोपेड लिहिली.

मग थोरली बहीण, वरलक्ष्मी. भर दुपार होती. वीज गेलेली, पंखा थांबलेला, उन्हासाठी खिडक्या लावून घेतलेल्या. टेबलावरच्या सुट्या कागदाचा कोपराही हलत नव्हता. "अक्का?" एवढेच रघोजींनी विचारले, आणि मी मान डोलावली. मित्रांनो, डोलावली असे मी सवयीने म्हणते. आतून काहीतरी हलले. त्या नोंदवह्या असतील, नाहीतर उकाड्याने लगदा तडकला असेल. वरलक्ष्मी महिन्याभरात गेल्या. त्याच आठवड्यात रघोजींच्या नातीचे, हरिताचे लग्न ठरले. काटा मध्ये आला.

गोष्ट नात्यात पसरली. तिरुवैयारूहून धाकट्या बहिणीने, भामाने फोन केला. "अण्णा, मज नका लिहूं. लिहिलेंच तर प्रवासास गेली म्हणून लिहा. आणि परत आली, हेंही लिहा." एका मेहुण्याने कादंबरीतून नाव वगळावे म्हणून मळ्यातल्या केळ्यांचा घड पाठवला. साहित्याचा असा धाक मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कमलाक्षीला स्वयंपाकघरात सगळे ऐकू येई. "अहो, ती कशासही हो म्हणत्ये," ती एकदा म्हणाली. "माझें नांव घेतलेंत तरी म्हणेल."

"तुझें नाहीं घेतलें."

"उपकार झाले. काप्पी घ्या, निवत्ये."

ह्या वर्षी हरिता सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, जेमतेम एक किलोची. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवले. पण रघोजींनी पणतीचा जन्म आधीच लिहून टाकला होता. शेवटच्या प्रकरणातले येणे झाले होते. जाण्याचे पान कोरे होते, आणि ते कोरे आहे हे ती देवनागरी न वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होते.

हरिताचा बाप, म्हणजे रघोजींचा मुलगा सतीशकुमार, दवाखान्यातून आला तो चपला न काढता दारातच उभा राहिला. "अप्पा, तें पान राहूं द्या."

"मी कांहीं लिहिलें नाहीं."

"विचारूंही नका."

"पण काटा..."

"पोदुम, अप्पा. पुरे झालें." तो तसाच परत गेला.

पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस निघू द्या, मग बोलू. घरी रघोजी आणि कमलाक्षी दोघेच होते. दुपारी तीनच्या सुमारास रघोजींनी पंखा पाचावर केला, मला बरोबर त्याच्याखाली ठेवले आणि पेन उघडले.

"पाप्पास, त्या बाळास सोड," ते म्हणाले. "तिच्या ऐवजीं मी जाईन काय?"

कागद उडाले. भिंतीवरचे कॅलेंडर फडफडू लागले. मी हलले नाही.

"हो म्हण," ते म्हणाले. भूगोलाच्या मास्तराने इतक्या नम्रपणे कधी काही मागितले नसेल. त्यांनी माझ्यावर फुंकर मारली. मी तशीच. मग चष्मा काढला, डोळे पुसले आणि फार बारीक आवाजात विचारले, "म्हणजे तीच?"

मी हलले नाही. त्यांनी हरिताचे नाव घेतले, सतीशकुमारचे घेतले, शेवटी कमलाक्षीचेही. पंखा गरगरत होता आणि मी समोर बघत होते. मित्रांनो, एक कबूल करते. माझ्या आत ओढ होती. त्यांच्या पहिल्याच प्रश्नाला होती, आणि ती वाऱ्याची नव्हती. त्या नोंदवह्यांना एक ओळ कमी पडत असावी.

"काय म्हणत्ये?" कमलाक्षीने आतून विचारले.

"कांहींच नाहीं म्हणत."

"मग तुम्हीही म्हणूं नका. उठा, डबा घेऊन जायचें आहे."

रघोजींनी वही मिटली. तो दिवस निघाला, मग पुढचाही. एक्केचाळीस दिवसांनी बाळ घरी आले. तिचे नाव जयलक्ष्मी ठेवले. कादंबरी तिथेच संपली, शेवटच्या प्रकरणात नुसते येणे घेऊन, एका बाजूला कललेली. बाहुलीने नाही म्हटले, असे रघोजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. भामा येते तेव्हा माझ्यापुढे फूल ठेवते. आता मला कोणी काही विचारत नाही.

मित्रांनो, कागदाच्या बाहुलीला ओलाव्यात ठेवू नका, उन्हात ठेवू नका, धूळ मऊ फडक्याने पुसा. घरात कोणी आजारी असेल तर त्याच्यापाशी जाऊन बसा. बाहुलीपाशी बसू नका.

मी नाही म्हटले नव्हते. त्या दिवशी सकाळी कमलाक्षीने माझ्या मानेत आणि कमरेत, नळाच्या सांध्यांत भरतात ती घट्ट होणारी लांबी भरली होती. उरलेली तिने परसातल्या नळाला लावली. नळ अजून ठिबकतो.